वादळात आवारातलं झाड पडलं तर : आधी धोका काढा, झाडाचं नंतर ठरवा

एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत पुण्यात झाडं पडण्याचा हंगाम असतो. दुपारनंतर आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो आणि पावसाच्या आधी वाऱ्याचे झोत सुटतात. वळीव तासाभरात ओसरतो, पण मागे मोडलेल्या फांद्या आणि लोंबकळणाऱ्या तारा ठेवून जातो. जुलै-ऑगस्टमधला प्रकार वेगळा. वारा फारसा नसतो, पण आठवडाभराच्या झडीनं माती लोण्यासारखी होते आणि उभं झाड मुळासकट आडवं येतं.

रस्त्याकडेला आणि जुन्या बंगल्यांच्या आवारात सावलीसाठी लावलेले गुलमोहर, वर्षावृक्ष (सगळे त्याला रेन ट्रीच म्हणतात) आणि सोनमोहर यांचा पसारा मोठा आणि फांद्या ठिसूळ. खाली बऱ्याच भागांत थोडी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. त्यात बुंध्याला भिडवलेले पेव्हर ब्लॉक आणि ड्रेनेज, केबल, गॅसच्या खोदाईत तोडलेली मुळं. झाड वर हिरवंगार दिसतं आणि खाली एका बाजूला त्याला धरायला काही उरलेलं नसतं.

वादळानंतर दोन कामं असतात आणि लोक ती एकत्र करतात. पहिलं म्हणजे माणसाच्या जिवाला असलेला धोका काढणं. हे ताबडतोब करायचं. दुसरं म्हणजे झाड तोडायचं, छाटायचं की ठेवायचं हे ठरवणं. हे दिवसाउजेडी, पाऊस थांबल्यावर, जाणत्या माणसाला दाखवून करायचं. "एकदाचं मोकळं करून टाका" या घाईत माणसं जायबंदी होतात आणि वाचू शकली असती अशी झाडंही जातात.

पहिली दहा मिनिटं : तार, गॅस, माणसं

झाडाकडे धावू नका. आधी लांबून वर बघा. फांद्यांत तार अडकली आहे का? तुटून खाली पडली आहे का? जमिनीवरची तार ठिणग्या टाकत नाही म्हणून ती मेलेली आहे असं समजू नका. गेलेली लाईट कुठल्याही क्षणी परत येते. केबल टीव्हीची, इंटरनेटची आणि विजेची तार गुंतलेली असेल तर सगळ्याच विजेच्या धराव्यात. ओली फांदी, लोखंडी गेट, कंपाउंडवरची काटेरी तार या सगळ्यांतून प्रवाह येऊ शकतो.

तार पडलेल्या जागेपासून निदान तीस-पस्तीस फूट लांब राहा. चुकून जवळ गेलाच असाल तर ढांगा टाकत पळू नका. दोन्ही पाय जवळ ठेवून, जमिनीवरून न उचलता घासत-घासत मागे या. तारेभोवतीच्या ओल्या जमिनीत थोड्या अंतरावर विजेचा दाब बदलतो, आणि दोन पायांत अंतर पडलं की शरीरातून प्रवाह वाहतो. गाडीवर तार पडली असेल आणि आत माणूस असेल तर त्याला काच न उतरवता आतच बसायला सांगा. गाडीला आग लागली तरच बाहेर पडायचं, तेही दोन्ही पाय जोडून उडी मारून, गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होऊ न देता.

मग मीटर रूममधला मेन स्विच बंद करा, तिथवर जायची वाट कोरडी आणि तारांपासून लांब असेल तरच. सोसायटीत जनरेटर असेल तर तो आपोआप सुरू होणार नाही हे बघा. इन्व्हर्टर किंवा गच्चीवर सोलर पॅनेल असतील तर वायरमनला तसं स्पष्ट सांगा. बाहेरची लाईन बंद करून तो काम करतो आणि घरातून उलट्या दिशेनं वीज आली तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

उन्मळलेल्या झाडाच्या मुळांबरोबर पाण्याची आणि गॅसची पाइपलाइनही उपटली जाते. पाइप गॅस असलेल्या इमारतीत वास आला तर बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करा, दिव्याची बटणं दाबू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवा. तो क्रमांक बिलावर छापलेला असतो. आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

झाडाखाली कोणी अडकलं असेल तर फांद्या ओढू नका. एक फांदी ओढली की दुसरी सरकते आणि वजन त्याच माणसावर येतं. त्याच्याशी बोलत राहा आणि अग्निशमन दलाची वाट बघा.

फोन कुणाला

माणूस अडकला असेल, घरावर झाड असेल, रस्ता अडला असेल तर अग्निशमन दल, 101. कुठल्याही आणीबाणीला 112 चालतो. वीज महावितरणची, 1912. महापालिकेच्या हद्दीत उद्यान विभाग आणि तुमचं क्षेत्रीय कार्यालय. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी, आणि पुणे, खडकी, देहूरोड ही कॅन्टोन्मेंट वेगळी. कॅम्पात, म्हणजे पुणे कॅन्टोन्मेंटमध्ये राहणाऱ्यानं पुणे महापालिकेत तक्रार टाकून संध्याकाळपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही. आपण कुणाच्या हद्दीत येतो हे आधीच माहीत असलं पाहिजे.

फोनवर "मोठं झाड पडलंय, लवकर या" एवढंच सांगू नका. मोठ्या वादळाच्या दिवशी असे ढिगानं फोन येतात. पत्ता, जवळची खूण, झाड कशावर टेकलं आहे, तारा आहेत का, कोणी अडकलं आहे का, मोठी गाडी आत येऊ शकते का, हे चार वाक्यांत सांगा. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

दलाचे जवान धोका दूर करतात, वाट मोकळी करतात आणि पुढच्या ठिकाणी जातात. तेच त्यांचं काम आहे. रस्त्यावरचं झाड महापालिकेचं. तुमच्या आवारात उरलेलं खोड, फांद्या, पाला मात्र तुमच्याच गळ्यात. सोसायटीत मोकळ्या जागेतलं झाड सगळ्यांचं, म्हणून पत्र सेक्रेटरीच्या सहीनं जावं. तळमजल्यावरच्या एकट्यानं परस्पर माणूस लावू नये.

काही हलवण्याआधी फोटो

चारही बाजूंनी काढा. बुंधा, मुळं, मोडलेली जागा, टेकलेली भिंत, गाडीचा नंबर दिसेल असा एक, आणि झाडाची आजूबाजूच्या इमारतींसकट जागा दाखवणारा एक. हे फोटो अर्जाला, विम्याला आणि शेजाऱ्याशी वाद झालाच तर त्यालाही लागतात.

गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर झाड पडून झालेलं नुकसान त्यात बसत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर बसतं. घरासाठी 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात वादळाचं आणि झाड कोसळून झालेलं नुकसान येतं, शिवाय ढिगारा उचलण्याचा वाजवी खर्च दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत मिळतो. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत धोक्यापुरतंच काम करा. ताडपत्री घातली, टेकू लावला, तर त्याची पावती ठेवा.

झाड वाचायला शिका

कटरवाला यायच्या आधी अर्धा तास झाडाकडे नीट बघा. चार प्रकार असतात.

पूर्ण आडवं, जमिनीवर टेकलेलं झाड दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा त्यातल्या त्यात स्थिर. त्याची घाई नाही.

कशावर तरी अडकलेलं झाड सगळ्यात वाईट. घरावर, दुसऱ्या झाडावर किंवा कंपाउंडच्या भिंतीवर रेललेलं हे झाड अजून पडतंच आहे असं समजा. त्याच्या खालून वाट बंद, दोरी बांधा, मुलांना लांब ठेवा. ज्या भिंतीवर ते टेकलं आहे ती भिंतही धोक्याची.

वर मोडून लोंबकळणारी फांदी लोक विसरतात, कारण झाड उभं असतं. ती दुसऱ्या दिवशी, वारा नसताना, पडते. वजनाचा अंदाज घ्या : एक फूट जाडीची, दहा फूट लांबीची ओली फांदी साधारण दोनशे किलो भरते. खालची पार्किंगची जागा तोवर रिकामी करा.

उभं पण कललेलं झाड समजायला सगळ्यात अवघड. गेली वीस वर्षं ते तसंच वाकडं असेल तर कललेलं असणं हा दोष नाही. वादळानंतर नव्यानं कललं असेल तर उलट बाजूला बुंध्याशी बघा. माती फुगली आहे, पेव्हर ब्लॉक उचलले गेले आहेत, जमिनीत अर्धवर्तुळाकार भेग आहे, वारा आला की ती भेग उघडझाप करते, यातलं एकही दिसलं तर मुळं सुटलेली आहेत. त्या झाडाबाबत वेळ घालवू नका. याउलट भेग नसेल, मुळं घट्ट असतील आणि दोन-तीन फांद्याच मोडल्या असतील तर ते झाड काढण्याचं काही कारण नाही.

परवानगी

"झाड आधीच पडलंय, आता कसली परवानगी?" हा प्रश्न प्रत्येक सोसायटीत निघतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 हा कायदा खासगी आवारातल्या झाडालाही लागू आहे. उभं झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती न घेता तोडलं तर शिक्षेची तरतूद आहे. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून आणखी संरक्षण दिलं. सहकारनगर, प्रभात रोड, डेक्कन या भागांतल्या जुन्या आवारांत असं एखादं झाड असणं अगदी सहज शक्य आहे.

पूर्ण पडलेल्या झाडासाठी फोटोंसह लेखी कळवून पोच घ्या. जिवाला आत्ता धोका असेल तर अग्निशमन दलाला किंवा उद्यान विभागाच्या माणसाला बोलावून त्यांच्यासमोर तेवढाच भाग काढा. उरलेल्या झाडासाठी रीतसर अर्ज करा. त्यात झाडाची जात, छातीच्या उंचीवर मोजलेला बुंध्याचा घेर, आवारातली नेमकी जागा, कारण, फोटो, मालकीचा कागद आणि सोसायटी असेल तर ठराव द्या. "धोकादायक झाड" असं मोघम लिहू नका. "पूर्व बाजूची मुळं उघडी, जमिनीत भेग, झाड बालवाडीच्या दिशेला नव्यानं कललेलं" असं लिहिलं की अधिकाऱ्याला लवकर ठरवता येतं.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. एक झाड पडलं की दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, "मशीन आलंच आहे तर ती दोन पण उतरवून घेऊ. पाला पडतो, पार्किंगला अडचण होते." त्या बैठकीत गप्प बसू नका. चाळीस वर्षांचं निरोगी झाड शेजारचं पडलं म्हणून धोकादायक होत नाही.

माणूस निवडताना

वादळाच्या दुसऱ्या दिवशी कटर मशीन घेऊन फिरणारे अनेक जण दारात येतात. "साहेब, दोन तासांत मोकळं करून देतो, लाकूड आमचं." त्यांच्यात फार हुशार माणसंही असतात. पण दर विचारण्याआधी विचारा : वर चढणाऱ्याला पट्टा आणि हेल्मेट आहे का? दोर किती, कुठल्या जाडीचे? खाली उभं राहून इशारा देणारा स्वतंत्र माणूस आहे का? फांद्या दोरानं उतरवणार की तशाच सोडणार? पाला आणि भुसा कोण उचलणार? "बघू की" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. ठरलेलं सगळं, लाकडासकट, कागदावर घ्या आणि पूर्ण पैसे आधी देऊ नका. पडलेलं झाड साग किंवा चंदनाचं असेल तर लाकूड आवाराबाहेर नेण्याआधी वनविभागाला विचारा.

क्रेन मागवणार असाल तर ती कुठे उभी राहणार हे आधी ठरवा. सोसायटीच्या आवारात जमिनीखालची पाण्याची टाकी असते, कुठे पोडियमचा स्लॅब (खालच्या पार्किंगचं छत), जुन्या बंगल्यांत विसरलेला सेप्टिक टँक. बारा-चौदा टनांचा हायड्रा (चाकांवरची क्रेन) त्यावर उभा केला तर झाडापेक्षा मोठं संकट ओढवेल. बिल्डिंगचा नकाशा काढा किंवा जुन्या रहिवाशांना विचारा.

प्रत्यक्ष तोडताना

जमिनीवर पडलेल्या, मनगटाएवढ्या फांद्या हातकरवतीनं कापणं, पाला ओढणं, वाट झाडणं हे घरच्यांना जमण्यासारखं आहे. खांद्याच्या वरचं काम, शिडीवरचं काम, ताणलेली फांदी आणि चेन सॉ (कटर मशीन) या चार गोष्टी जाणकाराच्या. शिडीवर उभं राहून चेन सॉ चालवणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येतं, आणि शिडीवर मागे सरकायला जागा नसते.

पडलेल्या झाडाचं लाकूड शांत पडलेलं दिसतं, पण आत ताण असतो. आमच्याकडे एकदा रेन ट्रीची मांडीएवढी फांदी कंपाउंडच्या भिंतीवरून वाकून खाली दबली होती. तोडायला आलेल्या मामांनी मशीन सुरूच केलं नाही. ते फांदीच्या कडेनं वाकून साल बघत होते. आतल्या बाजूला सालीला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, बाहेरच्या बाजूला ती ताणून तडकली होती. "इकडून दबलीय, तिकडून ओढलीय," ते म्हणाले. पोराला त्यांनी बाहेरच्या बाजूनं हटवलं, आधी सुरकुत्यांच्या बाजूनं थोडासा काप घेतला, साधारण पाव जाडीपर्यंत. मग स्वतः बाजूला उभे राहून ताणलेल्या बाजूनं हळूहळू कापत गेले. शेवटचं बोटभर लाकूड राहिलं तेव्हा फांदी फटकन सुटली आणि जिथे तो पोरगा उभा होता तिथून गेली.

तोडणाऱ्यानं हे पाहिलं नाही तर तुम्ही पाहा. दबलेल्या बाजूनं आधी थोडं, ताणलेल्या बाजूनं नंतर, आणि उभं राहायचं ते फांदी उसळेल त्या बाजूला कधीच नाही.

उन्मळलेल्या झाडाच्या मुळांचा गड्डा हा दुसरा सापळा. मातीसकट उभा राहिलेला तो गोल, खाली खोल खड्डा, आणि मुलांना तिथे उतरून बघायचं असतं. खोड बुंध्याजवळ कापलं की वरचं वजन जातं आणि गड्डा झटक्यात खड्ड्यात परत बसतो. कापण्याआधी खड्ड्यात कोणी नाही याची खात्री करा, गड्डा दोरानं किंवा टेकूनं बांधून घ्या आणि खोडाचा चार-पाच फूट भाग त्याला जोडलेला राहू द्या.

घरावर टेकलेलं झाड शेंड्याकडून हलकं करत आणायचं, प्रत्येक तुकडा दोरानं बांधून उतरवायचा. गच्चीच्या कठड्यावरून फांदी ओढली तर कठडा खाली येतो. सोलर हीटरच्या काचेच्या नळ्या फुटल्या असतील तर आतलं पाणी पोळण्याइतकं गरम असू शकतं. सिमेंटच्या पत्र्यांवर पाय ठेवू नका, ते वजन घेत नाहीत. जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता असते, म्हणून फुटलेले तुकडे पाणी मारून, मास्क लावून उचला. बीम किंवा कॉलमला नवी तडा दिसली तर झाड उतरल्यावरही स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पाहिल्याशिवाय त्या खोल्यांत झोपू नका.

मशीन सुरू करण्याआधी आणखी एकदा वर बघा. मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असतं आणि मशीनच्या आवाजानं ते उठतं. पावसाळ्याच्या तोंडाशी बगळ्यांची घरटी असतात, ढोलीत घुबड किंवा धामण असते. जखमी पक्षी, पिल्लं किंवा साप दिसले तर वनविभागाची हेल्पलाइन 1926.

राहिलेलं झाड

मोडलेल्या फांदीचा खुंट तसा सोडू नका. तीन काप घ्यायचे : बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून पहिला, त्याच्या थोडं पुढे वरून दुसरा म्हणजे वजन खाली जातं आणि साल सोलत जात नाही, आणि शेवटचा फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर. तो कडा कापला तर जखम भरत नाही. वर डांबर, ऑइलपेंट काही लावू नका. ढोलीत सिमेंट भरणं तर अजिबात नको, ओल आत कोंडते आणि लाकूड आणखी कुजतं.

दंडाएवढ्या जाडीचं कोवळं झाड कललं असेल तर ते वाचतं. उघडी मुळं लगेच ओल्या गोणपाटात झाका, तुटलेली टोकं स्वच्छ कापा, एक-दोन दिवसांत हळूहळू सरळ करा, माती दाबा आणि तीन बाजूंनी टेकू द्या. मोठ्या झाडाला क्रेननं ओढून उभं करू नका. उरलीसुरली मुळंही तुटतात.

बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक निदान तीन फुटांपर्यंत काढा. छाटणी मार्च-एप्रिलमध्ये, परवानगी घेऊन, सगळ्या बाजूंनी सारखी. एका बाजूनं छाटलेलं झाड पुढच्या वळवाला दुसऱ्या बाजूला पडतं.

झाड गेलंच असेल तर खड्ड्यात राडारोडा भरू नका, माती आणि कुजलेला पालापाचोळा घाला. पावसाळा सुरू असतानाच, भिंतीपासून दहा फूट आत, बहावा, ताम्हण किंवा बकुळ लावा. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं लावण्याआधी कापून सरळ करा, नाहीतर ती पुढे बुंध्यालाच आवळतात. आधाराच्या काठीला जुन्या सुती कापडाची सैल गाठ बांधा, खोड थोडं हलू द्या. वर्षभरानं काठी काढून टाका.